मांजरबागेला नेलेलं कोकरू

अभ्यास दौरा म्हटलं की मला आता आधी कंटाळा येतो, राग नंतर. पूर्वी उलटं होतं. आमच्या भागाच्या गळ्यात काही मारायचं असलं की आधी गावाला गाडीत घालतात. पवनचक्क्या आल्या तेव्हा गाडी आली, सौरऊर्जेवाले आले तेव्हाही गाडी आली. सकाळी उप्पीट, दुपारी श्रीखंड-पुरी, निघताना टोपी-टॉवेल, आणि पुढच्या ग्रामसभेत हात वर. ज्याच्या घरचं जेवलो त्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, ही आमचीच रीत. ती त्यांनी बरोबर हेरली आहे.

या वेळची गाडी मांजरबागेची होती. तिचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे, मांजरबाग हे गावानं पाडलेलं. सातारच्या बाजूला डोंगराच्या उतारावर तारेची कुंपणं घालून तिथं फक्त मार्जार कुळातली जनावरं ठेवलीत. वाघ, सिंह, बिबटे, रानमांजरं. हत्ती नाही, माकड नाही, मोरसुद्धा नाही. तशीच दुसरी बाग त्यांना आमच्या गायरानावर काढायची आहे.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं, दुष्काळी अंगाला. गायरान म्हणजे कुसळी गवत, तरवड, बाभळी आणि वर्षातले चार महिने वाहणारा एक ओढा. कागदावर त्याला पडीक म्हणतात. त्या पडिकावर आमच्या वाडीची सगळी मेंढरं चरतात, आमच्या पणजोबांचीही चरली. मी सांगलीत एका लहानशा संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते. 'गायरान कुणाच्या बापाचं?' हा मथळा माझाच. आठवडे बाजारात मी सकाळी वाटलेल्या पत्रकात दुपारी त्याच बाजारात भजी बांधून मिळतात. ती मी खाल्लीही आहेत. भजी चांगली असतात.

सरपंचांचा फोन आला. "म्याडम, तुमी पन चला. मागनं म्हनू नका, अंधारात ठिवलं."

मला जायचं नव्हतं. पण तात्या निघाले होते.

तात्या म्हणजे माझे चुलते. वाडीतली मेंढरंवाली माणसं ग्रामसभेत सरपंचांच्या तोंडाकडं बघत नाहीत, तात्यांच्या हाताकडं बघतात. तो वर गेला की सगळ्यांचे वर. आणि या वेळी तो जाणार होता, कारण तात्यांचा एकुलता एक मुलगा, माझा चुलतभाऊ दादा, तिशी ओलांडून अजून बिनलग्नाचा होता. मेंढरामागच्या पोराला आता मेंढरामागची माणसंसुद्धा मुलगी देत नाहीत. आटपाडीकडचं एक स्थळ जरा पुढं सरकलं होतं. मुलीच्या बापाचं म्हणणं एकच: नोकरी लागू द्या, मग बसू. आणि सरपंचांनी तात्यांना सांगितलं होतं, बाग झाली की पहिली नोकरी तुमच्या पोराला. ग्रामसभा चार दिवसांवर होती. माझ्याकडं पत्रकं होती. सून नव्हती.

गाडी मारुतीच्या देवळापाशी उभी होती. सगळे चढले, आणि मग तात्या आले. खांद्यावर घोंगडी, घोंगडीची खोळ केलेली, आणि खोळीतून एक काळं तोंड बाहेर.

"आवं तात्या, ह्ये काय?" सरपंच म्हणाले.

"कोकरू हाय."

"त्ये दिसतंय. न्यायलायसा कुटं?"

"तुमी न्याल तितं."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. पहिल्या बाकावर बसून त्यांनी घोंगडी मांडीवर नीट घेतली आणि म्हणाले, "पोराची भाकरी ज्याच्या दारात ठरायची त्याच्या दारात मोकळ्या हातानं जायचं व्हय?"

"म्हंजी सायबाला देनार?"

"सायेब तितला गडी. घर कुनाचं हाय? वाघाचं. मग वाघाला."

हे बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल. आमच्यात तसं नाही. कळपातलं एखादं कोकरू लांडग्याचं धरलेलं असतं. लांडगा आला की बोंब मारायची, कुत्री सोडायची, दगड मारायचे. पण नेलंच तर मागून शिव्या घालायच्या नाहीत. त्याचा वाटा त्यानं नेला. एकदा मी लांडग्यानं मारलेल्या मेंढरांची भरपाई मागणारं पत्रक काढलं होतं. तात्यांनी ते दादाकडून वाचून घेतलं आणि मला विचारलं, "वाट्याची भरपाई मागत्यात व्हय गं?" 

"तात्या, तितं त्येंचं खानं ठरल्यालं आसतंय," सरपंच समजावत होते.

"मग ह्ये सनाला खाईल."

दादा शेवटच्या बाकावर होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. तो खिडकीबाहेर बघत राहिला. विट्याच्या पुढं हिरवं दिसायला लागलं, मग ऊसच ऊस. गाडी जरा हळू झाली की कोकरू ओरडायचं. ड्रायव्हर म्हणाला, "तिकीट न्हाई, काय न्हाई, आन आवाज सगळ्यात मोटा."

मांजरबागेच्या फाटकात टोपी-टॉवेल झाला. तात्यांच्या पटक्यावर टोपी बसेना, म्हणून ती त्यांच्या हातात दिली. माहिती सांगायला एक साहेब होते. तरुण, माझ्याच वयाचे, पुण्याकडचे असावेत. बोलायला सभ्य. मला त्यांचा राग येत नव्हता, आणि याचाच थोडा राग आला.

"बाबा, बाहेरचा प्राणी आत चालत नाही," ते म्हणाले. "आजार येतात."

"ह्येला कसला आजार? दूध पितंय अजून."

"आमचं मटण ठेकेदाराकडून येतं. तपासून, बर्फातून."

तात्या माझ्याकडं वळले. "वाघाला शिळं घालत्यात गं?"

कोकरू गाडीच्या सावलीत ड्रायव्हरजवळ बांधलं. तात्यांनी घोंगडी झटकली आणि पुन्हा खांद्यावर टाकली. आत जायच्या वाटेवर जांभळ्या औषधाच्या पाण्याचा एक उथळ हौद होता, त्यातून पाय बुडवून जायचं. आमच्या माणसांना ते पाणी चांगलं ओळखीचं. मेंढरांना खुरकूत झाली की त्याच पाण्यातून चालवतात. एकजण हौदात उभा राहून म्हणाला, "ह्येंनी वळकलं रं आपल्याला. एकेक करून हुभं ऱ्हावा, कान बी बघत्याल."

आत सगळी जनावरं झोपली होती. दुपार झाली होती, ऊन रखरखीत होतं. सिंह एका चौथऱ्यावर पाय वर करून पडला होता. वाघाची फक्त पाठ दिसली. साहेब सांगत होते, कोण किती खातं, कोण कुठून आलं, आणि सरपंच त्यांच्या प्रत्येक वाक्याला मागून 'रोजगार' हा शब्द जोडत होते. मी ऐकत होते. पूर्वी मी अशा वेळी मनातल्या मनात मुद्दे काढायचे. आता मुद्दे आपोआप निघतात, पाण्याचा नळ गळावा तसे.

मग रानमांजराचा पिंजरा आला, आणि पहिल्यांदाच आमची माणसं जागी झाली.

"आरं, ह्ये तर आपल्या वड्याचं!"

"माझ्या कोंबड्या नेल्या त्येच हाय का बघ गड्या."

"तोंड तर तसंच हाय."

सगळे जाळीला चिकटून उभे राहिले, गावचा माणूस परमुलखात भेटावा तसे. मी मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे आपल्या गायरानातलं रानमांजर हाकलायचं, आणि तिथंच पिंजरा करून त्यात रानमांजर ठेवायचं."

"आक्का," सरपंच म्हणाले, "जेवनापतूर तरी दम धरा."

सगळे हसले, मीही हसले. माझं म्हणणं खरं होतं. पण इतक्यांदा बोलून झाल्यामुळं ते माझं मलाच पाठ म्हटल्यासारखं ऐकू आलं.

दादा मात्र साहेबांच्या शेजारून चालत होता. मी दोघांच्या मागंच होते.

"साहेब, आमच्याकडं बाग झाली तर जनावरांचं काम कोण करणार?" त्यानं शक्य तितक्या पुस्तकी भाषेत विचारलं.

"त्याला प्रशिक्षित लोक लागतात. सुरुवातीला बाहेरून येतील."

"आणि आमी?"

"स्थानिकांना प्राधान्य आहेच. फाटक, साफसफाई, झाडांना पाणी. ठेकेदारामार्फत."

"कायम?"

"अकरा महिन्यांचा करार असतो. पुढं बघतात."

"बरं," दादा म्हणाला. त्याचा चेहरा बदलला नाही. मला वाटतं, त्याला गाडीत बसतानाच माहीत होतं.

तात्या मागून आले. त्यांना कमी ऐकू येतं. "काय म्हनलं रं?"

"घेत्यात म्हनाले," दादा म्हणाला.

तात्यांनी पटका सारखा केला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मी दुसरीकडं बघितलं. तिथं एक पाटी होती, तीच वाचत उभी राहिले.

बिबट्यांचा पिंजरा शेवटी होता. त्यातली एक मादी उसात सापडलेली, पायाला इजा झालेली, म्हणून परत सोडता आली नाही, असं साहेबांनी सांगितलं. ती मागं एका ओंडक्याआड पडली होती. आम्हांला शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं. कुणी शीळ घातली, साहेबांनी हात वर करून थांबवलं. माणसं कंटाळून जेवणाचं विचारायला लागली होती.

तात्या सगळ्यांत शेवटी, सावकाश येत होते. पहाटेपासून कोकरू त्या घोंगडीत बसलेलं, त्यातच मुतलेलंही. वारा तात्यांच्या पाठीकडून होता.

शेपटीचं टोक हलायचं थांबलं. मग ओंडक्यावर दोन कान दिसले. मग ती उठली, आणि एका पायानं किंचित लंगडत जाळीपर्यंत आली. आमच्यातल्या एकाकडंही तिनं बघितलं नाही. आम्ही सगळे तिथं नव्हतोच. ती तात्यांच्या समोर उभी राहिली. तात्या दोन पावलं चालले, ती दोन पावलं चालली.

मोबाईल निघाले. साहेबही हरखले. "दुपारची ही कधी उठत नाही. बाबा, जरा परत तिकडून इकडं याल का?"

तात्या परत गेले आणि परत आले. बिबटी जाळीच्या आतून त्यांच्याबरोबर गेली आणि आली.

"थोडं हळू, बाबा. व्हिडिओ घेतोय."

तात्या हळू चालले. पोराला घेणाऱ्या साहेबानं सांगितलेलं, ते का नाही चालणार? टॉवेल गळ्यात, टोपी हातात, खांद्यावर घोंगडी. ऊन डोक्यावर होतं आणि त्यांचे गुडघे दुखत होते, ते मला दिसत होतं.

"तात्या, पोरगी पसंत हाय का?" कुणीतरी म्हणालं.

"रंगानं हाय बरी, पर पायानं लंगडती जरा," दुसरा एकजण म्हणाला.

"लंगडी तर लंगडी. नोकरी इचारत न्हाई न्हवं?"

हसून हसून लोक जाळीला टेकले. साहेबही हसत म्हणाले, "बाबा, तुम्हालाच घेऊन टाकतो कामाला. रोज दुपारी एवढं चाललात की झालं. पब्लिक खूश." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

तात्या थांबले. त्यांनी टोपी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले. "पोराला कायमचं घ्या, सायेब. म्या रोज चालतो."

ते गंमत करत नव्हते, हे सगळ्यांना एकदमच कळलं. हसू आपोआप विरलं. 

दादा गर्दीतून पुढं आला. त्यानं तात्यांच्या खांद्यावरून घोंगडी काढून घेतली, घडी घातली, आपल्या इस्त्रीच्या शर्टाशी काखेत धरली आणि फाटकाकडं चालायला लागला. बिबटी जाळीच्या कडेनं त्याच्या मागं गेली. जाळी संपली तिथं थांबली. तो वळणाआड गेल्यावरही ती तिथंच उभी होती.

जेवणात श्रीखंडच होतं. मी दोन पुऱ्या खाऊन बाहेर आले. दादा गाडीच्या सावलीत कोकराला बोटावरून पाणी पाजत बसला होता.

"तू काय बोलू नगंस," तो म्हणाला.

"मी काय बोलले?"

"बोलशील. छापशील."

मी त्याच्या शेजारी बसले. बोलायला पुष्कळ होतं. ठेकेदारी, अकरा महिने, प्राधान्य. यातल्या प्रत्येकावर माझ्याकडं एकेक पत्रक होतं. त्या सगळ्यांपेक्षा त्याला जास्त माहीत होतं, आणि त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. आम्ही दोघं कोकराकडं बघत बसलो.

परतीच्या वाटेवर तात्या अस्वस्थ होते. नोकरीचं त्यांना काही वाटत नव्हतं, ती त्यांच्या मते झाल्यात जमा होती. त्यांना कोकराचं वाटत होतं. दुसऱ्याचा म्हणून काढलेला वाटा माघारी न्यायचा नसतो. वाटेत एका उसापाशी गाडी थांबवा, सोडून देतो, असंही ते म्हणाले. ड्रायव्हरनं ऐकलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं. ते कोकरू कळपात राहील, पण बिबटीचं म्हणून. विकायचं नाही, कापायचं नाही, कुणाला द्यायचं नाही.

ग्रामसभा देवळासमोर भरली. सरपंचांनी दौऱ्याचं वर्णन केलं, चांगलं केलं. मी उठून माझे मुद्दे मांडले. लोकांनी ते शांतपणे ऐकले. एखाद्याचं भजन लांबलं की ऐकतात तसे. मग सरपंच म्हणाले, "ज्येंना मान्य हाय त्येंनी हात वर करा."

तात्यांचा हात मांडीवरून उचलला गेला. वाडीची सगळी माणसं त्याच हाताकडं बघत होती.

"तात्या, हात खाली घ्या."

दादा मागं, मोटारसायकलींपाशी उभा होता. भर सभेत मुलानं बापाला असं म्हणणं आमच्याकडं कुणी ऐकलेलं नाही.

"आरं, तुझ्यासाटीच चाललंय की हे," सरपंच म्हणाले.

"मला नगं ती नोकरी. आन ती न्हाईच. मी तात्यास्नी खोटं सांगितलं. फाटकावर अकरा म्हैने, ठेकेदाराच्या हाताखाली." तो थांबला.  "आन त्येवढ्यासाटी माझा बाप रोज जनावराम्होरं चालनार. तुमी सगळी हसत हुता. मी बी तितंच हुतो."

 तात्यांचा हात अजून हवेतच होता. त्यांनी तो तसाच पटक्यापर्यंत नेला, पटका सारखा केला, आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. जणू तेवढ्यासाठीच उचलला होता. वाडीतला एकही हात वर गेला नाही. सरपंचांनी सभा तहकूब केली. विषय रद्द झाला नाही, तहकूब झाला.

संघटनेतून फोन आले, अभिनंदनाचे. मी पत्रक लिहिलं, 'ग्रामसभेनं दाखवला इंगा'. त्यात कायदा होता, पर्यावरण होतं, चराईचा हक्क होता. दादानं छापू नकोस म्हटलं होतं, म्हणून घोंगडीचं त्यात काही नव्हतं. आता इतक्या दिवसांनी तोच म्हणाला, "लिही आता. नाव नगं कुनाचं." म्हणून हे लिहिते आहे.

आटपाडीचं स्थळ मोडलं. दोन महिन्यांनी दादा कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लागला, लेथवर. तिथंच खोली घेतली. सकाळी मोटारसायकलींच्या लोंढ्यात तोही एक असतो. मला कधी रस्त्यात दिसतो, हात करतो. दुसरं एक स्थळ आलंय. त्यांचं म्हणणं, नोकरी हाय ते ठीक, पण सांगलीत स्वतःची जागा हाय का.

तात्यांनी निम्मी मेंढरं काढून टाकली. एकट्याच्यानं होत नाही, गुडघे साथ देत नाहीत. वाडीतल्या आणखी दोन घरांनीही काढली. परवा बाजारात सरपंच भेटले. "राखलंसा की आक्का गायरान," ते म्हणाले. आवाजात खोच नव्हती, तेही दमलेलेच दिसत होते. "आता त्येच्यावर मेंढरं कोन राखनार, त्ये बी पत्रकात लिवा एकदा." मी हसले. लिहिलेलं नाही. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली आहे, तोच विषय.

गेल्या रविवारी मी वाडीला गेले तेव्हा दादाही आला होता. त्याच्या अंगाला आता लेथच्या तेलाचा वास असतो, साबणानं जात नाही. तो मेंढरांच्या वाड्यात शिरला तशी ती बिचकून कोपऱ्यात एकावर एक चढली. कुत्रंही गुरगुरलं. दादा बाहेर आला. तात्यांची घोंगडी कुडावर वाळत पडली होती, ती त्यानं अंगावर घेतली आणि परत आत गेला. मेंढरं हळूहळू सुटी झाली. बिबटीचं कोकरू, आता त्याला शिंगं फुटायला लागलीत, पुढं आलं आणि घोंगडीचा काठ चघळायला लागलं.

तात्या माझ्याजवळ दगडावर बसून बघत होते. मला म्हणाले, "ती उटत आसंल का गं, दुपारची?"

"काय ठावं, तात्या," मी म्हणाले.